सेक्स थेरपीला जाताना: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

जोडपं समोर येऊन बसतं तेव्हा बरेचदा हातात एक पिशवी असते. त्यात अर्धवट संपलेली गोळ्यांची पाकिटं, एखादी तेलाची बाटली आणि दोन वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा तपासणीचे कागद असतात. तक्रार सुरू होऊन तीन-चार वर्षं उलटलेली असतात, आणि एवढ्या काळात दोघं या विषयावर एकमेकांशी सलग दहा मिनिटंही बोललेले नसतात.

समुपदेशनाच्या कामात मला हा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. आधी गोळी, मग इंटरनेट, मग कुणीतरी सुचवलेला ‘गुप्तरोगतज्ज्ञ’, आणि सगळं करून दमल्यावर थेरपी. थेरपीतही पहिल्या दोन सत्रांत गुण आला नाही की येणं बंद. यातली बरीचशी वणवण क्रम सुधारला तर टळते, म्हणून तो पायरी-पायरीनं मांडते आहे.

## सुरुवातीला: सेक्स थेरपीत नेमकं होतं काय

ही बोलण्यातून होणारी मानसोपचाराची पद्धत आहे. तुम्ही खुर्चीत बसता आणि अंगावर सगळे कपडे असतात. थेरपिस्ट प्रश्न विचारतात, ऐकतात, शरीर कसं चालतं ते समजावतात आणि घरी करायचे सराव देतात. सराव तुमच्या घरी, तुमच्या खाजगीत होतात. पुढच्या सत्रात ते कसे झाले यावर फक्त बोलणं होतं. एक सत्र साधारण ४५ ते ६० मिनिटांचं असतं, आठवड्यानं किंवा पंधरवड्यानं.

प्रत्येकाला लांबलचक थेरपी लागते असंही नाही. जॅक ॲनन या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात मदतीच्या चार पातळ्या सांगितल्या: मोकळेपणानं बोलायची मुभा, मोजकी माहिती, नेमक्या सूचना आणि शेवटी सखोल थेरपी. कित्येकांचं काम पहिल्या दोन-तीन पातळ्यांवरच होतं. ‘मला वाटतं ते चारचौघांसारखंच आहे’ हे कळलं तरी काहींची निम्मी भीती जाते.

इशारा: थेरपिस्टनं शरीराला लैंगिक स्पर्श करणं, कपडे उतरवायला लावणं, समोर काही करून दाखवायला सांगणं हे थेरपीत कधीच बसत नाही. असं घडलं तर तिथून उठा आणि तक्रार करा. शारीरिक तपासणी लागलीच तर ती डॉक्टर करतात, कारण सांगून आणि परवानगी घेऊन. त्या वेळी खोलीत तिसरी व्यक्ती हवी, असं तुम्ही म्हणू शकता.

## टप्पा १: तक्रार लिहून काढा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. ‘सेक्स जमत नाही’ किंवा ‘तिला इच्छाच नाही’ एवढ्या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही. कागद घ्या आणि या प्रश्नांची उत्तरं लिहा:

1. नेमकं काय होतं? इच्छा होत नाही, ताठरता येत नाही, येते पण टिकत नाही, वीर्यस्खलन लवकर होतं की फार उशिरा, ओलावा येत नाही, दुखतं, आत घेताच येत नाही, की परमोच्च सुखापर्यंत पोचता येत नाही?
2. सुरुवातीपासून असंच आहे, की आधी ठीक होतं आणि मग बिघडलं?
3. कधी असं होत नाही? एकट्यानं, सकाळी जाग आल्यावर, सुट्टीत?
4. ते सुरू झालं त्या सुमारास आयुष्यात काय बदललं? औषध, बाळंतपण, आजार, भांडण, नोकरी, एखादं दुःख?
5. आजवर काय काय करून पाहिलं?
6. याचा त्रास कुणाला होतो? तुम्हाला, जोडीदाराला, की दोघांनाही?

चार ओळींची चिठ्ठी पुरते. समजा, ती अशी आहे: ‘मार्चपासून. आत जायच्या वेळी ताठरता जाते. एकटा असताना आणि सकाळी ठीक असते. त्याच सुमाराला रक्तदाबाची गोळी बदलली होती. दोनदा असं झाल्यावर आता सुरुवातीपासूनच धाकधूक असते. ती काही बोलत नाही, पण मीच टाळायला लागलोय.’

या चिठ्ठीतलं एकेक वाक्य कामाचं आहे. सकाळची ताठरता शाबूत आहे म्हणजे रक्तपुरवठा आणि नसा बऱ्यापैकी काम करत असणार. गोळी बदलल्याचं डॉक्टरांना सांगायला हवं. धाकधूक आणि टाळाटाळ हा थेरपीचा विषय आहे. तिचं गप्प राहणं हा दोघांचा विषय आहे.

तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या. अडचण सगळीकडे, सगळ्या वेळी असेल तर शरीराकडे आधी बघावं लागतं. ठरावीक प्रसंगीच येत असेल तर मन, नातं किंवा परिस्थिती यांच्याकडे. हा नियम पक्का नाही, पण दिशा देतो.

सर्रास होणारी चूक: आठवड्यातून किती वेळा आणि किती मिनिटं, याचे आकडे इतरांशी ताडून बघणं. ‘बरोबर’ असा कुठलाही आकडा नाही. तज्ज्ञ निदान करताना साधारण ६ महिने टिकलेली अडचण आणि तिच्यामुळे होणारा मनस्ताप या दोन गोष्टी बघतात. दोघंही महिन्यातून एकदा समाधानी असतील तर तो आजार नाही. शीघ्रपतनाचंही तसंच. पहिल्यापासून असलेल्या शीघ्रपतनाच्या वैद्यकीय व्याख्येत साधारण १ मिनिटाच्या आत होणारं स्खलन येतं, आणि त्याच्या जोडीला ताबा न राहणं व त्रास होणं. पाच-सहा मिनिटांवर स्वतःला आजारी ठरवून औषध घेणारी माणसं मी पाहिली आहेत.

## टप्पा २: शरीर तपासून घ्या

चिठ्ठी घेऊन आधी डॉक्टरकडे जा. तुमचे नेहमीचे डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञ, कुणीही चालतील. थेरपीनं मधुमेह बरा होत नाही आणि संसर्गही जात नाही. उलट शारीरिक कारण राहून गेलं तर महिनोन्‌महिने सराव करूनही हाती काही लागत नाही, आणि दोष मात्र माणूस स्वतःला देत राहतो.

ताठरतेची तक्रार हलक्यानं घेऊ नका. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. त्यामुळे रक्तवाहिन्यांचा आजार तिथे आधी जाणवू शकतो, हृदयाची लक्षणं दिसायच्या काही वर्षं आधीसुद्धा. म्हणून रक्तदाब, रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉल तपासतात. टेस्टोस्टेरॉन बघायचं असेल तर नमुना सकाळी द्यावा लागतो, कारण दिवसभरात त्याचं प्रमाण उतरत जातं. एकदा कमी आलं तर पुन्हा तपासून खात्री करतात. इच्छा मावळली असेल तर थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित संप्रेरक) आणि नैराश्य यांचाही विचार होतो.

बाईला संभोगाच्या वेळी दुखत असेल तर ‘सवय होईल’ हे उत्तर मान्य करू नका. संसर्ग, एन्डोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), त्वचेचे आजार, रजोनिवृत्तीनंतर किंवा अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे येणारा कोरडेपणा, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा ताण, अशी अनेक कारणं असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. तपासणीचीच भीती वाटत असेल तर आधीच सांगा: ‘मला भीती वाटते. मी थांबा म्हटलं की थांबाल का?’ हो म्हणणारे डॉक्टर मिळेपर्यंत तपासणी पुढे ढकलली तरी चालेल.

घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी इच्छा कमी होते किंवा परमोच्च सुख लांबतं. रक्तदाबावरच्या काही गोळ्या, मनोविकारांवरची काही औषधं, ओपिऑइड (अफूच्या वर्गातली तीव्र वेदनाशामकं) यांचाही असा परिणाम होऊ शकतो. मात्र मनानं गोळी बंद करू नका. मात्रा किंवा गोळी बदलून बरेचदा मार्ग निघतो, आणि तो डॉक्टरांनीच काढायचा असतो.

इशारा: छातीत दुखण्यावर नायट्रेटची औषधं घेणाऱ्यांनी ताठरतेची गोळी (सिल्डेनाफिल आणि त्या वर्गातली इतर) कधीही घेऊ नये. रक्तदाब इतका कोसळतो की जिवावर बेतू शकतं. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या पुड्यांमध्येही हेच औषध चोरून मिसळलेलं सापडलं आहे.

वाट न पाहता डॉक्टरकडे जा: ताठरता ४ तासांपेक्षा जास्त टिकली, संभोगानंतर रक्त गेलं, किंवा मांड्यांच्या मधला भाग अचानक बधिर होऊन लघवीवरचा ताबा सुटला तर. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या वेळी थेट तातडीच्या विभागात.

## टप्पा ३: जोडीदाराशी एकदा बोला

जोडीदार नसेल किंवा एकट्यानंच जायचं असेल तर ही पायरी सोडा. एकट्यानं केलेली थेरपीही पुरी थेरपी असते.

बोलायची जागा अंथरूण नको आणि वेळ फिसकटलेल्या प्रसंगानंतरची नको. चालायला गेल्यावर, प्रवासात, शेजारी-शेजारी बसलेलं असताना बोला. नजर सतत भिडत नसली की जीभ सैल होते. ‘तुझ्यात काहीतरी प्रॉब्लेम आहे’ असं म्हणू नका. ‘मला आपल्यातलं हे हरवल्यासारखं वाटतंय, आणि मला मदत घ्यायची आहे. तू येशील?’ एवढं पुरे. नकार आला तर ओढून नेऊ नका. स्वतः जायला लागा. दोन-तीन सत्रांनंतर जोडीदार आपणहून विचारतो, असं पुष्कळदा होतं.

इशारा: नात्यात मारहाण, धमकी किंवा जबरदस्तीचा संभोग होत असेल तर जोडप्यानं मिळून थेरपीला जाऊ नका. समोरच्या देखत खरं बोलता येत नाही, आणि बोललेल्याचा सूड घरी घेतला जातो. आधी एकट्यानं मदत घ्या. तिथे पहिला विषय सुरक्षितता असेल.

## टप्पा ४: कोणाकडे जायचं ते ठरवा

‘सेक्सॉलॉजिस्ट’ ही पाटी पुष्कळ ठिकाणी कुणीही लावू शकतं. म्हणून पाटीपेक्षा मूळ शिक्षण बघा. थेरपिस्टकडे मानसशास्त्र, मानसोपचार, समुपदेशन किंवा वैद्यक यातली मान्यताप्राप्त पदवी हवी आणि त्यावर लैंगिकतेचं वेगळं प्रशिक्षण. अमेरिकेत एएएसईसीटी, ब्रिटनमध्ये सीओएसआरटी अशा संघटना असे थेरपिस्ट पारखून त्यांची यादी ठेवतात. जिथे अशी यादी नाही तिथे पदवी आणि नोंदणी स्वतः विचारून तपासावी लागते.

कामाची वाटणी साधारण अशी: भीती, लाज, इच्छेतली तफावत, कामगिरीचं दडपण, जुना आघात हे सेक्स थेरपिस्टकडे. खोल नैराश्य किंवा औषधांचा प्रश्न मानसोपचारतज्ज्ञाकडे. आत घेताना स्नायू आवळून घेत असतील तर ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणारे फिजिओथेरपिस्ट आणि थेरपिस्ट, दोघंही. एका तक्रारीला दोन माणसं लागली तर आजार गंभीर आहे असं समजू नका.

## टप्पा ५: फोनवर पारखून घ्या

नाव आवडलं म्हणून लगेच वेळ ठरवू नका. दोन-तीन नावं काढा आणि प्रत्येकाला दहा मिनिटांचा फोन करा. सुरुवात कशी करायची यावरच गाडी अडते, म्हणून वाक्य लिहूनच देते: ‘मला संभोगाच्या वेळी दुखतं. डॉक्टरांनी तपासून संसर्ग नाही असं सांगितलंय. अशा तक्रारींवर तुम्ही काम करता का?’ तुमच्या तक्रारीप्रमाणे शब्द बदला. पलीकडचा माणूस अवघडला, हसला किंवा घाईनं ‘या, या, होऊन जाईल’ म्हणाला, तर तेवढ्यावरून बरंच कळतं.

मग हे विचारा:

1. तुमचं मूळ शिक्षण काय? लैंगिकतेचं वेगळं प्रशिक्षण कुठे आणि किती काळ घेतलं?
2. माझ्यासारख्या तक्रारीत साधारण कसं काम करता?
3. दोघांना एकत्र बघता की वेगवेगळं? एकट्यानं सांगितलेली गोष्ट जोडीदाराला कळते का?
4. गोपनीयता कुठे संपते?
5. शुल्क, सत्राचा कालावधी, आयत्या वेळी वेळ रद्द केली तर काय?
6. लागल्यास डॉक्टरांशी बोलाल का?

तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि पुढे तिथेच घोटाळा होतो. काही थेरपिस्ट जोडप्याबरोबर काम करताना कुणाचंही गुपित एकट्याकडे ठेवत नाहीत, काही ठेवतात. दोन्ही पद्धती चालतात, पण बाहेरच्या संबंधाबद्दल किंवा जुन्या अनुभवाबद्दल बोलून झाल्यावर हा नियम कळणं फार महागात पडतं. चौथ्याचं प्रामाणिक उत्तर असं असतं: जिवाला धोका किंवा मुलांवर अत्याचार असेल तर कायद्याप्रमाणे सांगावं लागू शकतं, एरवी सहसा नाही.

फोन ठेवून द्या, जर: शंभर टक्के खात्री किंवा ठरावीक दिवसांत गुण असं वचन मिळालं, तक्रार ऐकायच्या आत औषधाचा कोर्स विकायला काढला, हस्तमैथुनानं नसा कमजोर झाल्या असं सांगितलं, किंवा समलिंगी आकर्षण ‘बदलून देतो’ म्हणाले. शेवटची गोष्ट होत नाही आणि तिच्या नावाखाली माणसांना खोल इजा झाली आहे.

## टप्पा ६: पहिली दोन-तीन सत्रं

यात फक्त माहिती घेतली जाते. लहानपणी घरात या विषयावर काय बोललं जायचं, पहिला अनुभव, आजार, नात्याचा इतिहास, नको असलेले स्पर्श. ‘मला आजचा उपाय हवाय, बालपण कशाला?’ असं वाटतं आणि इथेच खूप जण सोडून जातात. पण दुखणं आणि टाळाटाळ यांची मुळं बरेचदा तिथेच सापडतात.

सगळं पहिल्याच दिवशी सांगायची गरज नाही. ‘यावर आज नको’ म्हणता येतं. खोटं मात्र सांगू नका, विशेषतः दारू, पॉर्न, बाहेरचे संबंध आणि स्वतः घेतलेल्या गोळ्यांबद्दल. गोळी लपवली तर बदल कशामुळे झाला हे थेरपिस्टला कळतच नाही. शब्द सापडत नसतील तर चिठ्ठी वाचून दाखवा.

तपासा: तिसऱ्या सत्राच्या शेवटी थेरपिस्टनं तुमची अडचण त्यांना कशी दिसते आणि पुढे काय करायचं हे साध्या शब्दांत सांगितलं का? नसेल तर विचारा. दोघं गेला असाल तर आणखी एक बघा: एकाचीच बाजू घेतली जाते आहे असं वाटतं का?

## टप्पा ७: घरचा सराव

खरा बदल इथे होतो आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. एक नेहमीचा सराव जवळून बघू. मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधकांनी रुजवलेला हा स्पर्शाचा सराव आजही दिला जातो.

पहिल्या टप्प्यात संभोगाला पूर्ण बंदी असते. स्तन आणि जननेंद्रियांना हात लावायचा नाही. खोली उबदार, फोन बाहेर. एक जण आडवा, दुसरा साधारण पंधरा-वीस मिनिटं पाठ, खांदे, हात, पाय यांना स्पर्श करतो, मग अदलाबदल. स्पर्श करणाऱ्यानं समोरच्याला खूश करायचं किंवा उत्तेजित करायचं मनातही आणायचं नाही. त्यानं स्वतःच्या बोटांना काय लागतं तेवढंच टिपायचं: कोपर खरखरीत आहे, मान गरम आहे, पाठीच्या मधल्या पन्हळीत त्वचा जास्त मऊ आहे. मन ‘आता जमेल का’कडे पळालं की परत बोटांवर आणायचं. पलीकडच्यानं फक्त नकोसं वाटलं तर सांगायचं किंवा त्याचा हात धरून दुसरीकडे न्यायचा.

हे निरर्थक वाटतं, पण त्यामागे पक्का हिशेब आहे. संभोग होणारच नाही हे ठरलेलं असलं की ताठरता आली काय नि गेली काय, कशातच नापास होता येत नाही. परीक्षाच नाही म्हटल्यावर धाकधूक उतरते, आणि धाकधूक उतरल्यावर शरीर आपलं काम करायला मोकळं होतं. मग थेरपिस्ट हळूहळू पुढचे टप्पे उघडतात.

आता चुका. पहिली आणि सगळ्यात मोठी: सराव छान चालला, ताठरता आली, म्हणून त्याच रात्री बंदी मोडणं. एकदा जमतंही. पुढच्या वेळी मात्र सराव पुन्हा परीक्षा होतो, आणि ज्याला दुखतं किंवा भीती वाटते त्याचा विश्वास उडतो. बंदी उठवायची ती थेरपिस्टशी बोलूनच. मोडली गेली तर लपवू नका, ते थेरपिस्टसाठी कामाचं आहे.

दुसरी चूक, ‘मूड आला की करू’. मूड येत नाही म्हणून तर इथवर आलो. आठवड्यातल्या दोन वेळा आधी ठरवून ठेवा. तिसरी, सरावानंतर लगेच एकमेकांना मार्क देणं. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, आणि प्रत्येकानं स्वतःला काय जाणवलं तेवढंच.

आत घेता येत नसेल तर सरावात स्वतःचं बोट किंवा क्रमानं मोठे होत जाणारे डायलेटर (योनीत हळूहळू घालायच्या गुळगुळीत कांड्या) येतात. तिथे घाई हाच शत्रू आहे. सगळ्यात लहान मापावर दुखणं आणि धडधड दोन्ही शांत होईपर्यंत थांबा. दात-ओठ खाऊन पुढचं माप घेतलं तर स्नायू पुन्हा आवळायला शिकतात. ल्युब्रिकंट (ओलाव्यासाठीचं वंगण) भरपूर वापरा. लॅटेक्सचा कंडोम वापरत असाल तर तेलकट नको, पाण्याचं किंवा सिलिकॉनचं घ्या, कारण तेलानं लॅटेक्स फाटतं. डायलेटर सिलिकॉनचा असेल तर पाण्याचंच.

सराव झालाच नाही, तरी सत्राला जा. ‘दोन्ही वेळा ऐनवेळी भांडण झालं’ हेही पुढच्या सत्रासाठी चांगलं साहित्य आहे.

## टप्पा ८: पुढे जायचं की बदलायचं

पाच-सहा सत्रांनंतर थेरपिस्टबरोबर बसून पहिली चिठ्ठी काढा. संभोग जमला का, एवढंच बघू नका. टाळाटाळ कमी झाली का, शब्द सापडायला लागले का, नकार शांतपणे देता-घेता येतो का, आधी शंभर असलेली भीती आता किती? हे हलत असेल तर वाट बरोबर आहे, चालत राहा. काहीच हललं नसेल तर थेरपिस्टला तसं तोंडावर सांगा. चांगले थेरपिस्ट दुखावत नाहीत. ते पद्धत बदलतात, पुन्हा डॉक्टरकडे पाठवतात किंवा दुसरं नाव सुचवतात.

अवघडलेपण आणि असुरक्षितता यांत गल्लत करू नका. लाज वाटणं, सत्राच्या आदल्या रात्री झोप न येणं, रडू येणं हे सगळ्यांना होतं आणि ओसरतं. पण आपल्याला कमी लेखलं जातंय, आपल्या कहाणीत नको तेवढा रस घेतला जातोय, ‘नको’ म्हटलेलं ऐकलं जात नाहीये, असं वाटलं तर सहाव्या सत्राची वाट बघू नका.

थेरपिस्ट बदलताना काय काम झालं याचा छोटा लेखी सारांश मागून घ्या. नव्या ठिकाणी सगळं पहिल्यापासून सांगायची वेळ येत नाही, आणि कुठले सराव झाले, कुठे अडलं, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळतं.